पुठ्ठ्यावरची घोडी

असुन्सिओन शहराच्या नदीकाठच्या वस्तीत फिदेलिनाबाई सकाळी पुठ्ठा गोळा करत आणि दुपारी त्याच पुठ्ठ्यावर चित्रं काढत. रिकाम्या खोक्यांतून कव्हरं कापून मुलांची पुस्तकं बनवणारा छोटासा कारखाना होता, तिथं.

सध्याचं पुस्तक आदा नावाच्या तरुण मुलीनं लिहिलेलं. गोष्ट अशी: नदीत बाटल्या, पिशव्या, टायर; मुलं नदीची माफी मागतात, आणि शेवटच्या पानावर नदी लख्ख. बाईंनी कव्हरवर नदी काढायची, एवढंच काम. पण त्यांच्या नदीकाठी दर वेळी एक तांबूस घोडी येऊन उभी राही. कधी गुडघाभर पाण्यात, कधी चक्क ढगात.

ती कानेला. जन्मभर तिनं बाईंचा गाडा ओढला. पुराच्या वर्षी घराचे पत्रे, पलंग, शेगडी, सगळं तिनंच चढावर नेलं, आणि पाणी ओसरल्यावर मेली. तिला कचऱ्याची गाडी घेऊन गेली. कुठं, ते विचारायचा बाईंना धीर झाला नाही. ते सलत राहिलं. तेव्हापासून हातात ब्रश आला की घोडी आपोआप उतरायची. टळटळीत उन्हात, पानांच्या गार चहाचे, तेरेरेचे, घोट घेताना, पुठ्ठ्यावरचे कान हलल्याचा त्यांना भास व्हायचा.

"मावशी, गोष्टीत घोडी नाहीये हो!" आदा वैतागून म्हणाली. "उद्या शाळेत वाचन आहे. ते झालं की पुढच्या कव्हरांवर नुसती नदी काढायची."

"नुसती नदी काढायला मी काय पाणीपुरवठा खातं आहे?" बाई फणकारल्या. पण पुस्तक आदाचं, ऐकणं भाग होतं. म्हणजे कानेला दुसऱ्यांदा जाणार.

शाळेच्या अंगणात, आंब्याखाली, आदा वाचत होती. पानांवर कवडसे हलत होते. मागं बसलेल्या बाईंचे डोळे मिटू लागले, आणि कुठूनशा टापा ऐकू आल्या.

"आणि एके सकाळी नदी स्वच्छ झाली," आदानं संपवलं.

पुढं बसलेली आरामी नावाची चिमुरडी पुस्तक उलटंपालटं करत होती. "कव्हरवरची घोडी आत कुठंय?"

"ती चुकून आलीय गं, बाळा," आदा म्हणाली.

बाईंनी मान खाली घातली.

"चुकून कशी? मग एवढा कचरा कोणी नेला? माफी मागितल्यावर टायर काय चालत गेले?"

पोरं खिदळली.

"घोडीनंच नेला," आरामीनं निकाल दिला. "लांब गेलीय, म्हणून आत दिसत नाही. येईल परत."

आदानं मागं वळून बाईंकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "मावशी, नाव काय तिचं?"

"कानेला." ती कचऱ्याची गाडी गेल्यापासून हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"कानेलाऽऽ!" पोरांनी नदीच्या दिशेनं हाका मारल्या. आणि फिदेलिनाबाईंनी, सगळं माहीत असूनही, मान वळवून तिकडं पाहिलं.