जिन्यातल्या चपला

सोलापुरात चपलांचा जेवढा अभ्यास आमच्या शेजारच्या चादरवाल्या काकांनी केलाय ना, तेवढा चपला विकणाऱ्यांनीही केला नसेल. आणि दुकान चपलांचं नाहीच, चादरी-टॉवेलचं, भवानी पेठेत आमच्या घराला लागून. जुन्या पद्धतीचं, खाली पांढरी गादी, त्यामुळं गिऱ्हाईक चपला दारात काढून मगच आत बसणार. आता गंमत ऐका. सकाळी शटर वर केलं की देवाला उदबत्ती लावायच्याही आधी काका पोत्यातनं जुन्या चपला काढून दारात मांडायचे. आत चिटपाखरू नसायचं, पण बाहेरून बघाल तर लग्नाचा बस्ता चाललाय असं वाटावं! बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या, लहान पोरांच्या, आणि एक मुद्दाम उलटी पडलेली, कारण खऱ्या गर्दीत एखादी उलटी पडतेच म्हणे. उलटी चप्पल घरात भांडण आणते म्हणून काकू ती सुलटी करायच्या, काका परत उलटी करायचे. मी एकदा विचारलं, कशाला हो हे सगळं, तर म्हणाले, "अगं, रिकाम्या दुकानात शिरायला माणूस लाजतंय. आत चार जण हायत म्हटलं की त्याला धीर येतो."

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! नव्या चादरींच्या घड्या मोडून गादीवर ढीग घालून ठेवायचे, जणू आत्ताच कुणीतरी बघून गेलं. एक चादर मागं कपाटात, आणि कुणी तिच्याकडं बघितलं की पडेल आवाजात, ती राहू द्या, नातेपुत्याच्या पाव्हण्यांनी बाजूला ठेवायला सांगितलीय. संपलं. गिऱ्हाईकाला तीच पाहिजे. अक्कलकोटकडची माणसं आली की "बर्री, कुंद्री", या, बसा, म्हणत बसवायचे आणि मग कन्नडमध्ये तीच चादर, तेच पाव्हणे. पण काका लबाड नव्हते हो, त्यांचा स्वतःचाच गर्दीवर लई विश्वास. एकदा बाजारात मोठी रांग दिसली म्हणून जाऊन उभे राहिले आणि हाताला कापसाचा बोळा, बिस्किटचा पुडा घेऊन घरी आले. रक्तदानाची रांग होती! एवढी माणसं उभी हायत म्हणजे कायतरी चांगलंच असंल की, म्हणाले. तसं बघितलं तर चांगलंच होतं ते.

पण मला खरं सांगायचंय ते दादाचं. दादा म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा. चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सोडून त्यानं दुकानावरच्या खोलीत दहावीच्या गणिताची शिकवणी काढली, शिकवणं हेच त्याला आयुष्यभर करायचं होतं. आणि शिकवायचा काय! भूमिती म्हटलं की मी वहीच मिटून ठेवायचे, त्यानं मला चादरीच्या नक्षीवरनं समरूप त्रिकोण शिकवले. पण आम्ही सगळे मिळून तिघंच. बाकी सगळी शाळा जायची चौकातल्या मोठ्या क्लासला, कारण तिथं दारात सायकलींमुळं वाट मिळायची नाही. आत काय शिकवतात हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. काका म्हणाले, चपला देऊ का थोड्या? दादा तडकला, दुकानात काय करायचं ते करा, माझ्याकडं पोरं शिकवणं बघून येतील. काका गप्प बसले. म्हणजे तोंडानं.

जिना रस्त्यावरनं दिसतो. दादा वर फळ्याकडं वळला की काका खाली जिन्यात चपला मांडायचे आणि आम्ही सुटायच्या आधी गोळा करायचे. दिवाळीपर्यंत खोली भरली, खऱ्या चपलांनाच जागा पुरेना, तरी काकांचं मांडणं चालूच! दादा इतका खुश, काकूंना म्हणायचा, बघ, मी सांगत होतो की नाही. काका खाली घड्या मोडत गालात हसायचे.

मग एकदा काका अक्कलकोटला लग्नाला गेले; चपला मांडायचं दुकानातल्या पोराला सांगितलं, गोळा करायला स्वतः वेळेत येणार होते, पण येताना त्यांची एसटी चुकली. शिकवणी सुटली, सगळे गेले, मी कंपास विसरले म्हणून शेवटची उरले. दादानं कुलूप लावलं आणि खाली बघितलं. जिन्यात चपला तशाच. मी पायात घातलेल्या सोडल्या तर एकही खरी नाही. त्यात एक जोड त्याच्या स्वतःच्या शाळेतल्या बुटांचा. त्यानं एक बूट उचलला, बघितला, परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी गणित राहिलं बाजूला. खरं सांगा, क्लास का लावला, एवढंच विचारलं. मागचा एक साधा पोरगा उठला. "जिन्यातल्या चपला बघून, सर. एवढे येतात म्हणजे चांगलंच असणार. पण आता आवडतंय की गणित." दादानं पहिलं तेवढं ऐकलं. पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही, आम्ही सगळे तेच सांगत होतो तरी. आमची परीक्षा होईपर्यंत जीव तोडून शिकवलं, मग खोली बंद करून पुण्याला नोकरीला गेला. बापलेकाचं बोलणं आता फोनवर जेवलात का एवढंच.

पोतं काकांनी कधीच देऊन टाकलं. "पोरगं चांगलंच शिकवत हुतं की गं," एकदा मला म्हणाले. "थोडं थांबलो असतो तर आपसूक आली असती पोरं. मलाच धीर न्हवता."

वर कुलूप लावलेल्या दारापाशी मात्र दादाचे मागं राहिलेले सँडल असतात, काका रोज पुसून ठेवतात. परवा एक बाई मुलीला घेऊन आल्या, सँडल दिसले म्हणून विचारत होत्या, वर शिकवणी चालू आहे का. "सर बाहेरगावी गेलेत," काका म्हणाले. त्या गेल्यावर गुडघ्यावर हात ठेवत वर चढले आणि सँडलांची तोंडं दाराकडं फिरवली, आत्ताच कुणीतरी आत गेल्यासारखी.