कुंचीवरची कसुती

पालघर मागं पडलं तरी फोन माझ्या हातातच होता. लेक सुप्रिया पुण्यात पलंगावर पडून होती. सातवा महिना. मागच्या खेपेला याच सुमारास सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी तिला हलायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि मी दिवसभर तिच्याकडे बघत बसायची. शेवटी तीच म्हणाली, "आई, तुझा चेहरा बघून मला जास्त भीती वाटते गं. सासूबाई आहेत इथे. तू जा, काहीतरी शीक."

म्हणून मी बोईसरला निघाले. आमच्या जुन्या शेजारीण महादेवीताई मूळच्या अक्कलकोटकडच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आता बोईसरजवळच्या सरावलीत राहतात. त्यांना कसुती (कापडाचे धागे मोजून करायचं भरतकाम) येते. रिक्षावाल्यानं मला भलत्याच गल्लीत उतरवलं. हवेत औषधासारखा उग्र वास, घराघरांतून हिंदी बोलणं. विचारत विचारत पोचले, तर ताई दारातच उभ्या.

मी काळ्या खणाची कुंची (बाळाचं पाठीवर रुळणारं टोपडं) भरायला घेतली.

"गाठ मारायची नाही," ताई म्हणाल्या. "जाताना एक टाका सोडत जायचं, येताना मोकळ्या जागा भरायच्या. आतनं-बाहेरनं सारखंच दिसलं पाहिजे बघा."

एक धागा चुकला की परतीचा टाका जुळायचा नाही. माझा सारखा चुकायचा, कारण एक डोळा फोनवर.

दुसऱ्या दिवशी तारापूरकडच्या एक शेजारीणबाई ताडगोळे घेऊन आल्या. "कोनासाटी भरता?"

"लेकीच्या बाळासाठी."

"झाला काय?"

"नाही अजून."

त्यांनी ताडगोळे खाली ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "आमी आदी काय शिवत नाय बाय. बाळ हातात येऊ दे, मंग."

मायेनंच बोलल्या त्या. पण मी हातातला ताडगोळा तसाच ताटलीत ठेवला. त्या गेल्यावर मी कात्री घेतली आणि टाके उसवायला लागले.

"अहो, बरोबर आलेत की!" ताईंनी हात धरला.

"नको ताई. काही झालं म्हणजे..."

त्या जवळ बसल्या. "मुलाच्या वेळी माझ्या आईनं आधीच कुंची भरलेली. तो आता कामाला जातो. मुलीच्या वेळी भीतीनं कुणी काहीच शिवलं नाही." मग म्हणाल्या, "ती राहिली नाही. तिच्या अंगाला लावायला घरात नवं कापडसुद्धा नव्हतं हो."

मी कात्री खाली ठेवली.

सकाळी सुप्रियाचा फोन आला. घाईत उचलताना कट झाला. परत लावला. "आई, रात्रभर लाथा मारतंय. झोपू देत नाही," ती कुरकुरली. मी ओट्याला टेकून रडले. ताईंनी फक्त चहा टाकला.

पुण्याला परतले तेव्हा कुंची अर्धीच झाली होती. दाखवावी की नाही, ठरत नव्हतं. शेवटी दाखवली. सुप्रियानं ती उलटून पालटून पाहिली आणि उशीला टेकून सुई मागितली. पहिला टाका वाकडाच पडला.

मी धीट झाले असं नाही. तिनं कूस बदलली तरी अजून दचकून बघते. पण त्या दुपारी सुई ओढता ओढता तिनं विचारलं, "आई, नाव काय ठेवायचं?"

इतक्या महिन्यांत आमच्या घरात हा विषय पहिल्यांदाच निघाला.