गाव विचारून विकलेले सरगुंडे

शाळेतले मराठी वर्ग बंद झाले आणि बावन्नाव्या वर्षी मी घरी बसले. बसले हे आपलं म्हणायला. मला बसवत नाही. आठवड्याभरात मी ऑनलाइन धंद्याच्या एका वर्गात नाव घातलं. मोबाइलच्या पडद्यावरचे सर रोज एकच पालुपद लावायचे, "आधी आपली निश शोधा." म्हणजे आपला ग्राहक नेमका कोण ते ठरवा, सगळ्यांना सगळं विकायला जाल तर कोणीच काही घेणार नाही. मला पटलं, वहीत ठळक लिहूनही ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी लकडगंजच्या बाजारात जाऊन घाऊक भावानं पाणी भरायच्या केशरी बाटल्या उचलल्या. पाणी काय, सगळेच पितात! घरी येऊन पाहते तर त्याच बाटल्या मोबाइलवर माझ्या घाऊक भावापेक्षा स्वस्त. नवरा म्हणाला, "बरं झालं, उन्हाळा येऊनच राहिला." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

घाई होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. माझी धाकटी नणंद तेव्हा आमच्याकडे होती. नवरा गेल्यापासून ती कुहीकडच्या एका गावात दिराच्या घरी राहायची. राहायची म्हणजे राबायची, धानाच्या बांधीत दिवसभर आणि चुलीपुढे उरलेला वेळ. होळीला चार दिवस म्हणून आली, तिचे हात पाहिले आणि मी तिला जाऊ दिलं नाही. पण ती मानी. म्हणाली, "भावाच्या भाकरीवर किती दिवस काढू वं वहिनी? पोळ्याले भाऊजी येतीन न्यायले, तवा जाईन." नुसतं थांब म्हणून ती थांबणार नव्हती. हातात स्वतःची कमाई आली असती तरच थांबली असती.

एप्रिलात एका सकाळी ती गच्चीवर सरगुंडे करत बसली होती. कणकेची बारीक दोरी वळायची, काडीवर गुंडाळायची, वाळली की अलगद ओढून काढायची. उकडून आमरसात घातले की जावयानंही ताट चाटावं. कामच असं चिकट की आता कोणी करत नाही. मी फोटो काढून धंद्यासाठी उघडलेल्या आमच्या फेसबुकच्या पानावर टाकला आणि संध्याकाळी दोन ऑर्डरी आल्या. बाटल्यांना महिनाभरात एक आली होती, तीही माझ्या भावाची.

फोन नणंदेनं घ्यायचे असं ठरलं, कारण माझा आवाज अजून वर्गातलाच आहे. पहिला फोन पुण्याहून एका बाईंचा. नणंदेनं भाव सांगायच्या आधी विचारलं, "गाव कोणतं वं तुमचं?" रामटेककडचं निघालं. तिसऱ्या प्रश्नाला त्या बाई हिच्या मामेसासूच्या पुतणी ठरल्या. मग काय! "पैसे राहू द्या. लेकीच्या घरी धाडून राहिली समजा." पहिल्या पाच डब्यांतले तीन असे फुकट गेले.

"काहून वं ताई, धंदा करून राहिलो का भंडारा?" मी तडकले.

"नात्यातल्या माणसाले पैसे मागू?"

आमच्याकडे तीन प्रश्न विचारले की कोणीही नात्यात निघतं, हे मला काय माहीत नव्हतं? मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला, 'गाव विचारू नये.' तिनं तो शांतपणे वाचला, मान डोलावली, आणि पुढच्या फोनवर विचारलं, "माहेर कोणतं?"

मी फोन काढून घेतला. त्यानंतर सगळं कसं शिस्तीत चाललं. भाव सांगायचा, पत्ता घ्यायचा, फोन ठेवायचा. लोक एकदा घ्यायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. पोळा जवळ येत होता आणि माझी झोप उडाली होती.

श्रावणात त्या पुण्याच्या बाईंचा फोन आला. "त्या ताईंना द्या ना." माझं नाक वर गेलं, पण दिला. फुकटच्या डब्यातले सरगुंडे त्यांनी आपल्या ओळखीतल्या, इकडून तिकडे गेलेल्या बायकांत वाटले होते. आता त्या सगळ्यांना हवे होते, दिवाळीपर्यंत दर महिन्याला. कोणाची आई गेली होती, कोणाच्या आईचे हात चालत नव्हते. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "माय गेली तेव्हापासून मला कोणी गाव विचारलं नव्हतं हो."

मला रडू आलं. आपला ग्राहक कोण, या सरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच घरात रोज फोनवर बोलत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं. मी भिंतीवरचा कागद फाडला. मग आमचा दोघींचा तह झाला. गाव हवं तेवढं विचारायचं, नातं काढायचं, पैसे मात्र पूर्ण घ्यायचे. नात्यापायी वरून एक मूठ जास्त घालायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा दीर आला. मी त्याला केशरी बाटलीतून पाणी दिलं. "चाल वहिनी," तो नणंदेला म्हणाला, "धानाचं निंदण पडलं हाय."

ती डबे भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कुठं वेळ हाय भाऊजी? ऑर्डरी हायेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीचं झाकण लावत बसले. बराच वेळ तो चहावर चहा पीत राहिला, मग उठला. "बरं, एक डबा तरी दे. पोरं खातीन."

तिनं डबा भरला, वजन केलं, वरून एक मूठ घातली, झाकण लावलं आणि डब्यावरचा हात तसाच ठेवला.

"तीनशे वीस झाले, भाऊजी. वरची मूठ नात्याची."

तो हसला. ती हसत नाही हे पाहून त्यानं खिशात हात घातला.