मावशींच्या पर्समधली बाग

मावशींबरोबर बाग बघायला जायचं म्हणजे जामिनाची तयारी ठेवूनच निघायचं. माझ्या बायकोच्या या मावशी पुण्याहून इथे कांगारूंच्या देशात, गिरावीनला आमच्याकडे थोड्या दिवसांसाठी आल्या आणि कोविडने सीमा बंद झाल्यावर इथेच अडकल्या. काका पुण्यात एकटे. "फांदी चोरून आणली तरच लागते," हा मावशींचा सिद्धांत. त्यामुळे फेरफटका मारून येताना त्यांच्या पर्समध्ये आळीतल्या बागांचं काही ना काही असायचंच.

त्यांना परत सोडायला जाताना वाट वाकडी करून इंग्लंडमधलं एखादं जुनं खेडं दाखवायचं मी कबूल केलं होतं. ते बारगळलं. निर्बंध सैल झाल्यावर मी त्यांना बेरिमाला नेलं. इंग्रजांनी वसवलेलं, दगडी घरांचं गाव. "इंग्लंडच समजा," असं म्हणून मी आदल्या दिवशी पाठ केलेला इतिहास सुरू केला. मावशींनी बराच वेळ सोसलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, ह्यांना आपण हाकललं ना? मग एवढं कौतुक कशाला?" मी चहाबरोबर मागवलेल्या स्कोन नावाच्या पावाला जॅम लावायला घेतला.

जवळच एका गोऱ्या आजीबाईंची बाग लोकांना बघायला खुली होती. तिथे मावशींनी जिरेनियमची फांदी मोडली आणि वळतात तो मागे आजीबाई उभ्या! मी लगेच माफीचं भाषण ठोकलं. त्यात भारतीय संस्कृतीही आणली. आजीबाई म्हणाल्या, "नो वरीज, लव्ह," आणि कात्री घेऊन चांगली जुडीच कापू लागल्या.

मावशींनी हात मागे घेतले. "दिलेली लागत नाही हो. तिला म्हणावं, जरा तिकडे तोंड कर."

हे मला इंग्रजीत सांगावं लागलं. नोकरीच्या मुलाखतीतही मला इतका घाम फुटला नव्हता. आजीबाई खो खो हसल्या आणि खरंच गुलाबांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

गाडीत मावशी म्हणाल्या, "रोज फोनवर ह्यांना दाखवते, काय लागलं, काय मेलं. पण फोनवर किती दिवस संसार करायचा? मला तिकीट काढून द्या."

मी त्यांना साथ, वय, धोका सगळं समजावलं. घरी आल्यावर लॅपटॉपवर आलेखही दाखवले.

"तुमचं बरोबरच आहे," मावशी म्हणाल्या, "पण ते एकटे आहेत." आणि त्यांनी भाचीकडून तिकीट काढून घेतलं. नाताळच्या आधी खास विमानाने त्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, काका गेले. घरीच, मावशींचा हात धरून. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "मधले महिने मिळाले हो. छान भांडून घेतलं आम्ही."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. माझं कुणी ऐकलं नाही, याचं इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.