नर्सबाईची बदली

आमच्या गावच्या जीपमालकानं नर्सबाईला गावातून हलवलं, आणि त्यासाठी माझा अंगठा वापरला.

"मंग? पुन्हा पहिल्यापासून सांग," असं ती माझ्या बायकोला म्हणायची. समोर बसली की हातातलं घड्याळ काढून पिशवीत टाकायची. घड्याळ काढून बसणारं सरकारी माणूस तुम्ही कधी पाहिलंत?

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. माझी बायको बाळंतपणात दोन दिवस अडली. शेलूबाजारहून बैलगाडीनं वाशीमला नेली. मायलेकी दोघी जगल्या, पण घरी आल्यावर ती पोरीला हात लावेना. गाडीचं चाक वाजलं की कोपऱ्यात जाऊन बसायची.

माझी आई म्हणे, "बाहेरचं लागलं. झालेलं तोंडातून काढू नको."

नर्सबाई म्हणाली, "काढू द्या, माय. आतच सडून राह्यलं ते."

मी बैलांचा दलाल. मी भांडलो, "बाई, बोलून दुखणं जाते का? सुई द्या, गोळी द्या."

"दलालभाऊ, तुमी तं बोलूनच पोट भरता नं?"

दर मंगळवारी ती यायची. बायको सांगता सांगता रडायची, थांबायची. बाई वाट पाहायची. पुढच्या खेपेला सांगणं थोडं पुढं सरकायचं. पाचव्या मंगळवारी ते जीपमालकाच्या दारापर्यंत आलं. ओट्यावर शेजारणी ऐकत होत्या.

माझ्याकडं बोट दाखवून बायको म्हणाली, "जीप दारातच उभी होती. यायनं हात जोडले. तो म्हणे, सीटले रक्त लागन."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा पोरीला पदराखाली घेतलं.

गोष्ट गावभर झाली. आठवड्यात जीपमालकाचा माणूस कागद घेऊन आला. "हापशीचा अर्ज हाय. लाव अंगठा." अक्षरं मी नंतर शिकलो. पण दात पाहिल्याशिवाय बैलाला हात न लावणारा मी, कागद कोणाकडून वाचूनही घेतला नाही. त्यात लिहिलं होतं, ही बाई बायांच्या डोक्यात भलतंसलतं भरते, हिला हलवा.

हलवली. एसटीत चढताना मला म्हणाली, "भाऊ, राह्यलेलं आता तुमी ऐका."

मी बसतो बायकोसमोर ऐकायला. पण त्या दारापाशी सांगणं आलं की माझं डोकं फिरतं, तोंडातून शिवी निघते, आणि ती गप्प होते. त्या दाराच्या पुढं वाशीमपर्यंत, मागं गाडीत तिच्यावर काय गुजरलं, ते गाडी हाकणाऱ्या मला अजून माहीत नाही.

अंगठ्याचं पाप माझं. पण जीपमालका, तू ये. तिच्यासमोर खाली बस, आणि जीप काहून दिली नाही ते तिला तुझ्या तोंडानं सांग.