ओव्हाळ भाऊंचा उजवा खांदा

ओव्हाळ भाऊ आमच्या फिजिओथेरपी विभागात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, खुर्चीवर बसले नाहीत, फाइलही दिली नाही. सरळ कोपऱ्यातल्या व्यायामाच्या मोठ्या निळ्या चेंडूपाशी गेले, त्याला कान लावला, डाव्या हाताचं बोट थुंकीनं ओलं करून चेंडूवरून फिरवलं आणि एका जागी थांबून म्हणाले, "हितं हाय." तो चेंडू चार महिने रोज सकाळी मरगळलेला सापडायचा आणि मी रोज शिपायावर खेकसायचे. माझ्या विभागात थुंकी, असं ओरडायला मी तोंड उघडलं होतं. पण बुडबुडा दिसत होता, म्हणून मिटलं.

भाऊंचं घर वडिवळ्याला आणि पंक्चरचं दुकान कामशेतला, जुन्या हायवेवर. उभा जन्म ट्रकची चाकं उतरवण्यात आणि टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, टायर सोडवण्यात गेलेला. साठीच्या अलीकडे उजव्या खांद्यातला स्नायूबंध हाडापासून फाटून सुटला. हात खांद्याच्या वर जाईना.

आमचे सर्जन, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. फाटलेला भाग टाक्यांनी हाडाला बांधायचा आणि वरून दान केलेल्या मानवी त्वचेचं पातळ ठिगळ शिवायचं. मग शरीर त्या ठिगळात हळूहळू स्वतःचे धागे विणतं. ठिगळ हा शब्द ऐकल्यावर भाऊ पुढे सरकून बसले.

"आदी घासता का?"

"काय घासतो?"

"ठिगळ बसायची जागा. घासल्याबिगर धरत न्हाई."

सर म्हणाले, "घासतो ना. हाडातून रक्त येईपर्यंत."

"मग बराबर हाय," भाऊ म्हणाले. सरांच्या सगळ्या पदव्यांना मिळालेलं ते खरं प्रमाणपत्र. "आन कातडं कुणाचं?"

"ते कुणालाच सांगत नाहीत."

भाऊंनी थोडा विचार केला. "झ्याक झालं. आता कुणी जात इचारली तर म्हणीन, उजवा खांदा सोडून सांगतो."

सरांना हसावं की नाही कळेना. मी हसले.

निघताना मात्र भाऊ दारात थांबले. "ताई, ट्रकचं चाक पुन्ना उतरवता येईल का, तेवढं सांगा. स्कूटरचं पंक्चर कुणीबी काढतंय. ट्रकवाले माज्यासाठी थांबत्यात." मी सांगितलं, ऑपरेशननंतर सहा आठवडे हात झोळीतून काढला नाहीत तर वर्षानं बघू. त्यांनी मान डोलावली. मान काय, सगळेच डोलावतात.

भाऊंचं ऑपरेशन पार पडलं. ठिगळ लावलेल्या पेशंटांचं पुढे काय होतं, याची सर नोंद ठेवत होते. तीन महिने, सहा महिने, वर्ष आणि दोन वर्षं झाली की फॉर्म भरायचा, आणि तो भरायचं लचांड माझ्या गळ्यात. झोळी नियमित घातली का? "व्हय." केस विंचरता येतात का? "केस कुटं ऱ्हायलेत?" चेंडू फेकता येतो का? "कुणाला मारायचा हाय?" पाठीला साबण लावता येतो का?

"मंडळी लावती."

"भाऊ, तुम्हाला लावता येतो का, असं विचारलंय."

"मंडळी हाय न्हवं."

मी कपाळाला हात लावला आणि 'येत नाही' वर खूण केली. सहा महिन्यांनी तेच उत्तर आलं, वर्षानंही तेच.

सहा महिन्यांच्या फॉर्मनंतर एकदा माझी स्कूटी नेमकी कामशेतला बसली. भाऊ दुकानात परत बसायला लागले होते, पण फक्त दुचाकी घ्यायचे. समोर एक पर्यटक तावातावानं बोलत होता, कालच पंक्चर काढलेलं चाक आज पुन्हा बसलं म्हणून. भाऊंनी त्याची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली, बुडबुडे कुठून येतात ते दाखवलं, टायर चाचपून त्यातून खिळा उपटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यो नवा खिळा. काल लावलेलं ठिगळ ते तितं, शाबूत." तो गेल्यावर भाऊंनी खिळा पत्र्याच्या डब्यात टाकला. डबा निम्मा भरला होता. "गिऱ्हाईक खिळा कवा सांगत न्हाई, ताई. ठिगळालाच नाव ठेवतंय."

वर्षानं स्कॅन झाला. हात वर जात होता, दुखणं फारसं नव्हतं, पण चित्रात ठिगळ कडेनं फाटलेलं दिसत होतं. सरांचा चेहरा उतरला. "माझं ठिगळ टिकलं नाही," म्हणत त्यांनी रजिस्टरमध्ये 'अयशस्वी' लिहिलं.

"ते खोडा, सर," भाऊ म्हणाले. "ठिगळ चांगलं हुतं. पाचव्या आठवड्यात झोळी काढून म्या टॉमी मारली. एकदाच. तवाच आत कायतरी कळ आली."

"अहो, पण का?"

"ठिगळ लावलं की पाण्यात धरून बघतो म्या. न बघता एक गिऱ्हाईक सोडलं न्हाई आजवर. खांदा पाण्यात कसा धरायचा?"

माझं डोकं सणकलं. "भाऊ, सोल्यूशन सुकेपर्यंत तुम्ही ट्यूबला बोट लावू देत नाही."

"व्हय," ते शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाइकाला."

गप्प बसले असते तर दोष ठिगळाला लागला असता आणि भाऊ बिचारे ठरले असते. सरांनी तर खरंच तसं लिहूनही टाकलं होतं. त्याऐवजी भाऊंनी स्वतःचा खिळा स्वतः उपटून टेबलावर ठेवला. सर म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करून बघता येईल, नाहीतर ट्रकचं चाक विसरा. भाऊ म्हणाले, "ठिगळावर ठिगळ म्या कवा मारलं न्हाई. तसली ट्यूब फेकून देतो. खांदा काय फेकता येत न्हाई. ऱ्हाऊ द्या." मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर ट्रक थांबला की भाऊ हात उंच करून पुढच्या दुकानाकडे बोट दाखवायचे. हात अगदी सरळ वर जायचा. ट्रकवाले म्हणायचे, भाऊ, खांदा झाला की बरा.

आता मी कुठल्याच पेशंटला झोळी घातली का म्हणून विचारत नाही. विचारते, "तपासून कधी बघितलंत?" मग बरोबर खाली बघून सांगतात, चौथ्या आठवड्यात, ताई, बादली उचलली, एकदाच.

दोन वर्षं झाली तेव्हा फॉर्मसाठी मी फोन लावला. त्यांच्या पत्नीनं, सुलाबाई मावशींनी, उचलला. भाऊ महिन्यापूर्वी गेले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काय काम होतं म्हणून त्यांनीच विचारलं, तेव्हा मी फॉर्मचं सांगितलं, आणि आता राहू द्या म्हणाले.

"इचारा की," मावशी म्हणाल्या. "त्यांचं मला सगळं ठावं हाय."

म्हणून विचारलं. हात वर जायचा का? जायचा. दुखायचं का? पावसाळ्यात थोडं. पाठीला साबण लावता यायचा का?

"पुरत हुता की हात. चांगला पुरत हुता. न्हाणीच्या फटीतनं दिसायचं मला, त्याच हातानं पाठ खाजवत बसलेले."

"मग?"

"मग काय. हाक मारायचे. म्या जायची."

सरांच्या नोंदीत ओव्हाळ भाऊंना पाठीला साबण लावता येत नाही. मी ते तसंच ठेवलंय.