श्रावण निमगडेची दुसरी सीट

श्रावण निमगडेला गाडी दाखवायची नसते, ऐकवायची असते. भद्रावतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिथुनच्या पानठेल्यासमोरच्या बाकावर तो बसलेला दिसला की लोक मुद्दाम फटफटी त्याच्यापुढे आणून उभी करतात आणि रेस देतात.

"ऐका बरं, श्रावणभाऊ."

श्रावण मान एका अंगाला कलती करतो, दाणा टिपण्याआधी कोंबडी करते तशी. "चेन ढिली हाय," तो म्हणतो. "आन तू घरून भांडून आलास. क्लचवर राग काढून राह्यला."

बाक हसतो. चेन ढिली असतेच. भांडणही बहुतेक वेळा झालेलं असतं.

दिसत त्याला नाही. काचबिंदूने आधी डावा डोळा नेला, मग उजवा, आणि सहा वर्षांपूर्वी लायसनही. त्याआधी सत्तावीस वर्षं त्याने एका ठेकेदाराची बस चालवली. खाणीतल्या माणसांना पाळीवर सोडायचं, पाळीवरून आणायचं. आठची गाडी म्हणजे आठ. धावत येणारा माणूस आरशात दिसला तरी श्रावणचा पाय ब्रेककडे जात नसे.

बाकावर सांगायची त्याची एक गोष्ट ठरलेली होती.

"रिना तवा नऊ वर्साची. शाळेले माह्याच गाडीत येत जाय. एक दिवस अर्धा मिनिट लेट झाली. आरशात दिसून राह्यली, दप्तर घेऊन पळत हाय, बापूजी, बापूजी करत. गाडीतले चाळीस मानसं ओरडले, श्रावणभाऊ, लेकरू हाय, थांब. मी नाई थांबलो. चार किलोमीटर पायी गेली पोरगी. जिंदगीत परत लेट नाई झाली."

हे तो हसत सांगे. घरी सांगितलं तर त्याची बायको रुखमा नेमकी याच जागी उठून आत जाई.

त्याच रिनाने त्याला पुन्हा गाडीत बसवलं. चंद्रपुरात डिप्लोमा करून ती जुन्या गाड्यांच्या एका दुकानात लागली होती. एकदा गंमत म्हणून तिने बापाला एका जुन्या जीपमध्ये बाजूला बसवलं, मोबाइल समोर लावला आणि गाडी चालवत विचारलं, "बापूजी, खोट सांगा." श्रावणने कान लावला आणि सांगितलं, मागच्या डाव्या चाकाची बेरिंग जाऊन राह्यली. दुकानदार चिडला. लोक मात्र खूश झाले. मग रिनाने दुकान सोडलं आणि चॅनल काढलं: 'बापूजीचा कान'. चालवायला रिना, कॅमेऱ्याला तिचा मित्र राजदीप आणि बाजूच्या सीटवर श्रावण. दर गाडीची एकच खोट, पण खरी. साडेतीन लाख लोक ते पाहू लागले. आंधळं झाल्यावर घरातल्या खाटेवर गेलेली दोन वर्षं श्रावण विसरला. सीटवर बसून पट्टा लावला की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

या हिवाळ्यात रिना एक बातमी घेऊन आली. सोबत राजदीपही होता. एका मोठ्या कंपनीने नवी बॅटरीची गाडी काढली होती. लाल, बुटकी, रेसची, आणि छप्पर उघडणारी. कंपनीच्या स्वतःच्या चॅनलसाठी, जंगलातल्या रस्त्यावर तिचा रिव्ह्यू करायला कंपनीने रिनाला बोलावलं होतं.

"छप्पर बारा सेकंदात मागं जाते, बापूजी."

"म्हंजे बारा सेकंदात कोयशाची सगळी धूळ डोक्यावर. खाणीच्या रोडनं नेशील तं पांढरा सदरा काळा होऊन उतरंल."

"शून्यावरून शंभरवर साडेतीन सेकंदात जाते."

"कुठी? आपल्याकडं साडेतीन सेकंदात ब्रेकर येते."

राजदीप खो खो हसला. रिना हसली नाही. "दोनच सीटा हाय तिले," ती म्हणाली.

"मंग बराबर. एक तुही, एक माही."

रिना गप्प झाली. तिचं ते गप्प होणं श्रावणने ऐकलं. पण जो आवाज गाडीचा नाही त्याच्याकडे फार लक्ष द्यायची त्याला सवय नव्हती.

"आवाज कसा हाय तिचा?"

"आवाजच नाई."

"असं होत नाई पोरी. ई-रिक्षा बी कुईं करते. कुठी ना कुठी आवाज राहतेच. मले बसव फक्त, मी काढतो शोधून."

"काका, बाजूनं गेली तरी तुमाले पत्ता नाई लागनार," राजदीप म्हणाला.

"झोपेत वळखीन."

"खरंच वळखाल?" रिनाने विचारलं.

"तू आन तं खरी."

रिना जायला उठली. मग म्हणाली, "बुधवारी दहा वाजता मूल रोडवर या. लोहाऱ्याच्या पुढं जंगल लागते, तिथं प्रवासी निवारा हाय. निवाऱ्यापाशी उभे रहा."

बुधवारी रुखमाने नव्या सदऱ्याला इस्त्री केली. श्रावणने दोनदा दाढी केली, कारण पहिल्या वेळी हनुवटीखाली एक खुंट हाताला लागला होता. बसने चंद्रपूर, तिथून ऑटो. साडेनऊलाच दोघं निवाऱ्यापाशी होती. सत्तावीस वर्षं लोकांना वेळ शिकवलेला माणूस होता तो.

राजदीप आधीच आलेला होता. "काका, रोडच्या कडेले या. अजून थोडं पुढं. हां, बस. काकू, तुमी निवाऱ्यात बसा, फ्रेममध्ये येऊन राह्यल्या."

"गाडी कुठी हाय?" श्रावणने विचारलं.

"येऊन राह्यली. तुमी ऐकत रहा आन सांगत रहा, रेकॉर्डिंग चालू हाय."

श्रावण ऐकू लागला. सागाची वाळकी पानं रस्त्यावर खरडत होती. दूर कुठे वानर खोकलं. मग चंद्रपूरकडून धडधड आली. "हायवा ट्रक. रिकामा. मागचा फाळका बांधला नाई." मग एक बोलेरो, तिचा टर्बो दमलेला. मग एसटी. त्याने ड्रायव्हरचं वयसुद्धा सांगितलं.

मग रस्ता रिकामा झाला. एकदम वाऱ्याचा एक झोत आला, सदरा पोटाशी चिकटला आणि पानं सुर्रकन पायाशी धावून आली.

"हवा सुटली," श्रावण म्हणाला.

"हो काका." राजदीपचा आवाज जाड झालेला होता, सर्दी झाल्यासारखा.

थोड्या वेळाने दुसरा झोत आला. श्रावणने सदरा खाली ओढून नीट केला. "पाऊस येते का काय," तो म्हणाला. तिसरा झोत आला त्यात अत्तराचा वास होता. निवाऱ्यात रुखमाच्या बांगड्या एकदम वाजल्या, आणि थांबल्या.

"काय झालं वो?"

"काई नाई," रुखमा म्हणाली. "मुंगी चावली."

तो दीड तास उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही, सदरा चुरगळला असता. शेवटी राजदीप जवळ आला. "काका, गाडीचं चार्जिंग संपलं. रिना तिकडूनच परत गेली. पुढच्या वेळी बसाल."

श्रावण क्षणभर हिरमुसला. मग त्याचा चेहरा खुलला. "भेटली ना खोट! चारशे किलोमीटर सांगतात आन निवाऱ्यापर्यंत येत नाई. घे, रेकॉर्ड कर."

राजदीपने कॅमेरा केव्हाच बॅगेत घातला होता. चेनचा आवाज श्रावणने ऐकला होता. तरी त्याने ते वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, म्हणून घेतलं.

परतीच्या बसमध्ये त्याने विचारलं, "तुले दिसली का गाडी?"

"नाई." रुखमा खिडकीकडे तोंड करून बोलली. काचेवर आपटून आलेला शब्द वेगळा ऐकू येतो. श्रावणने तोही सोडून दिला.

बारा दिवसांनी मिथुनने त्याला बाकावरूनच हाक मारली. "श्रावणभाऊ, तुमी तं लई गाजून राह्यले. या, ऐकवतो."

मोबाइलमधून आधी वाद्यं वाजली, मग रिनाचा आवाज आला. "नमस्कार मंडळी." पुढे सगळं टीव्हीसारखं स्वच्छ. गाडीचं छप्पर, गाडीचा वेग, गाडीचा रंग. त्यात एक 'मले' नाही, एक 'हाय' नाही. तिच्या बाजूच्या सीटवर कुणी दीपिका होती, नागपूरची, सिरियलमध्ये काम करणारी. ती दर वाक्याला हसत होती.

"आता सायलेन्स टेस्ट," रिना म्हणाली. "रस्त्याच्या कडेला एक आजोबा उभे आहेत. त्यांना दिसत नाही, पण म्हणे प्रत्येक गाडी आवाजावरून ओळखतात. बघूया आपली गाडी ओळखतात का."

सूं.

"हवा सुटली," मोबाइलमधला श्रावण म्हणाला.

बाक हसला. पुन्हा सूं. "पाऊस येते का काय." बाक जोरात हसला. तिसऱ्या सूंनंतर मागे ढोलकी लावलेली होती. "किती क्यूट," दीपिका म्हणाली. "तीनदा," रिना म्हणाली, "तीनदा गेलो त्यांच्या शेजारून, आणि आजोबा अजून गाडीची वाट बघतायत."

आता बाक हसत नव्हता. मिथुनने मोबाइल बंद केला. "मजाक होय भाऊ. आठ लाख लोकायनं पाह्यलं."

"परत लाव."

"जाऊ द्या ना."

"लाव म्हनतो ना."

त्याने मान कलती केली. हसू, ढोलकी, दीपिका, सगळं बाजूला सारून तो फक्त टायर ऐकू लागला. आता शोधायचं काय ते माहीत होतं. पहिल्या वेळी टायरचा सूर त्याच्यापाशी येता येता खाली उतरत होता, म्हणजे रिनाचा पाय पॅडलवरून थोडा उठला होता. दुसऱ्या वेळी कमी उठला. तिसऱ्या वेळी सूर सरळ गेला, कुठेही उतरला नाही.

"सापडला का आवाज?" मिथुनने हळूच विचारलं.

"सापडला," श्रावण म्हणाला.

त्या दिवसापासून गावाला नवा खेळ मिळाला. उतारावरून गाडी बंद करून न्यूट्रलमध्ये आणायची, श्रावणच्या अगदी नाकासमोरून न्यायची आणि पुढे जाऊन ओरडायचं, "हवा सुटली का, भाऊ?" ज्यांच्या चेन त्याने फुकट ऐकून दिल्या होत्या ते यात पुढे होते. एकदा खाणीतला जुना फिटर, या पोरांच्या बापाच्या वयाचा, तोही सायकल ढकलत गेला. श्रावणने स्पोक मोजता येतील इतकं स्पष्ट ऐकलं आणि काही म्हटलं नाही. पण त्याची ती आरशातल्या पोरीची गोष्ट त्यानंतर बाकावर कुणी ऐकली नाही. बाकावर जाणंही त्याने हळूहळू सोडलं.

रिनाचा फोन आला तो रुखमाने उचलला. कंपनीला आजोबा फार आवडले होते. लोक विचारत होते, आजोबांना गाडीत कधी बसवणार? दुसरा भाग करायचा होता. रविवारी अकराला ती गाडी घेऊन घरी येणार होती, पाच वाजता गाडी परत द्यायची होती. "त्याईले तयार ठेव, आई," रिना म्हणाली. "तोच सदरा घाल म्हनाव. लोक वळखतात."

रुखमाने सगळं त्याला सांगितलं. मग, न विचारता, निवाऱ्यातली मुंगीही सांगितली. "मी पाह्यलं होतं. तीनही डाव."

"मले माहीत हाय," श्रावण म्हणाला. "तुही मुंगी लई जोरात चावली होती."

रविवारी त्याने सदरा घातला. दाढी दोनदा केली. खाटेवर पाठ ताठ ठेवून बसला आणि चहा मागितला.

अकराला दोन मिनिटं कमी असताना गल्लीच्या तोंडाशी पोरांचा गलका उठला. त्या गलक्याखालून, खडीवरून, टायर सावकाश आले. बॅटरीची गाडी हळू चालली की एक बारीक गुणगुण करते, वयात आलेल्या डासासारखी. श्रावणने ती पहिल्यांदा ऐकली. चांगली होती. गाडी दारासमोर थांबली, ब्रेक अजिबात न कुरकुरता. राजदीपच्या बॅगेची चेन उघडली. हॉर्न वाजला.

"रिना आली," रुखमा म्हणाली.

श्रावणने बशीत चहा ओतला.

दुसरा हॉर्न वाजला. "अवो, हॉर्न देऊन राह्यली. दोन हात अंतरावर तं हाय. उठा ना."

"कोन? मले तं काई ऐकू येत नाई."

तिसरा हॉर्न लांबला. गल्लीतली पोरं चूप झाली. मग गाडीचं दार उघडलं. उंबऱ्यापाशी पावलं आली, डावं पाऊल जरा घासणारं, नऊ वर्षांची होती तेव्हापासून तसंच. मागे राजदीपचा श्वास. कॅमेरा चालू असला की तो श्वास रोखून सोडतो.

"आजोबा," स्वच्छ मराठीत रिना म्हणाली, "चला, तुमची सीट रिकामी आहे."

श्रावणने आवाजाच्या दिशेला नाही, भिंतीकडे तोंड वळवलं. "कोन होय बाई? कोनाकडं आल्या?"

उंबऱ्यावर डावं पाऊल घासलं.

"बापूजी." आता आवाज खाली उतरला होता. "मी होय. रिना. असं काऊन करून राह्यले?"

तो ऐकत राहिला. बांगडी दाराच्या चौकटीला लागली. तिने हात टेकवला होता. राजदीपच्या कॅमेऱ्याचं बटण टिक् करून बंद झालं. एवढं सगळं त्याने ऐकलं, एकही आवाज सुटू दिला नाही.

"रुखमा," तो म्हणाला, "दारात कोनी आलं असंल तं पानी दे. मले ऐकू येत नाई, मी काई वळखत नाई."

आणि बशी तोंडाला लावून त्याने चहाचा मोठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा घोट घेतला.